वळणावरच्या बाईकडे जायची गाडी

माझी मावशी घाबरट आहे, ही गोष्ट आमच्या घरात इतकी पक्की होती की तिच्याबद्दल बोलताना दुसरं काही कुणाला आठवायचंच नाही. ती नेमकी कशाला घाबरते असं विचारलं असतं तर कुणाला धड सांगता आलं नसतं. झुरळ ती चपलेने मारायची आणि दोन बोटांनी उचलून बाहेर टाकायची. पण एक किस्सा होता, आणि काकांनी तो इतक्या वेळा रंगवून सांगितला होता की दुसऱ्या पुराव्याची कुणाला गरज वाटत नव्हती.

काका म्हणजे मावशीचे यजमान. कारखान्यांचे बॉयलर तपासणारे मोठे अधिकारी. सगळे त्यांना साहेब म्हणत, मावशीसुद्धा. किस्सा असा: लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. आजी, म्हणजे मावशीची आणि माझ्या आईची आई, शेवटच्या घटका मोजते आहे असा निरोप आला. काका मावशीला गाडीत घेऊन निघाले. वाटेतल्या घाटात, एका अवघड वळणावर, पांढऱ्या कपड्यातली एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी. पाय जमिनीला टेकलेले नाहीत. मावशीने किंकाळी फोडली आणि शुद्ध हरपली. काकांनी मात्र डोकं थंड ठेवून त्या चिंचोळ्या रस्त्यावर गाडी वळवली आणि बायकोला सुखरूप घरी आणलं. त्याच संध्याकाळी आजी गेली. उशाशी माझी आई एकटीच होती.

आईने मावशीला याबद्दल कधी एका शब्दाने विचारलं नाही. फक्त त्यानंतर ती मावशीशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायला लागली. "बसा ना, चहा घेणार का?" असं. सख्ख्या बहिणीला!

काका निवृत्त झाल्यावर एका वाहिनीवाल्यांनी त्यांची मुलाखत घेतली. तेव्हापासून ते वळण प्रसिद्ध झालं. कुणीतरी तिथे तिकीट खिडकी टाकली, कठडा बांधला, आणि लोक पैसे मोजून त्या बाईला बघायला जायला लागले. ती अर्थातच कुणाला दिसत नसे, पण त्याबद्दल पैसे परत मिळत नसत.

काकांना जाऊन वर्ष झालं. एका रविवारी सगळे जेवायला जमलेले असताना मावशी म्हणाली, "मला त्या झपाटलेल्या जागा बघायच्या आहेत. टीव्हीवर दाखवतात त्या. ते हॉटेल, तो जुना तुरुंग, आणि शेवटी ते वळण."

दादा, म्हणजे मावशीचा मुलगा, याची चष्म्यांची दुकानं आहेत. त्याने चमचा खाली ठेवला आणि आपण किती समजूतदार आहोत हे दाखवणाऱ्या आवाजात म्हणाला, "आई, तुला झेपणार आहे का ते?"

"न झेपायला काय मी ती भुतं डोक्यावर घेऊन येणार आहे?"

का जायचंय, हे कुणीच विचारलं नाही. आमच्या घरात का विचारायची पद्धत नाही. कसं जायचं, यावर मात्र सगळे तुटून पडले.

मी रंगाच्या कारखान्यात माल रवाना करायचं काम बघते. कुठला ट्रक कुठे जाणार, कोण चालवणार, कुणाचे टायर गुळगुळीत झालेत. त्यामुळे गाड्यांचा विषय निघाला की सगळे आधी माझ्याकडे बघतात, आणि मग मी काही बोलायच्या आत आपापलं घोडं दामटतात.

दादाने आपली नवी गाडी देऊ केली. एखादं खंडकाव्य वाचावं तसे त्याने तिचे गुण वाचले. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. "फक्त आत काही खायचं नाही," तो म्हणाला, "आणि कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही."

"भुतं डांबरी रस्त्यालगत राहत नाहीत," मी म्हणाले. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मावशीची मुलगी म्हणाली, रेल्वेने जावं, पुढे टॅक्सी करावी. रेल्वे त्या भागात जातच नाही, असं तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग जायचंच कशाला?" आणि तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

जावईबापूंना चाकांवरचं घर भाड्याने घ्यायचं होतं. त्यात झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर. सांडपाण्याची टाकी कशी रिकामी करायची याचं वर्णन त्यांनी आम्ही जेवत असतानाच सुरू केलं आणि हाताने नळी कशी धरायची तेही दाखवलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी इतक्या वर्षांनी घराबाहेर पडायचं," ती म्हणाली, "आणि घर पाठीला बांधून न्यायचं? भांडी घासायला?"

जावईबापू हिरमुसले. त्यांनी टोपीसुद्धा विकत घेतली होती म्हणे.

मग वहिनीने खास भुतांच्या बसची माहिती काढली. एक कंपनी या सगळ्या जागा एकाच फेरीत दाखवत असे. "सोबत असते, गाइड असतो, काही झालं तर डॉक्टर असतो," वहिनी म्हणाली. सासूला कुणाच्या तरी ताब्यात देऊन मोकळं व्हायची तिची घाई तिच्या बोलण्यातून टपकत होती. बस बघायला मावशीला घेऊन मी गेले.

बस आगाराच्या मागच्या कोपऱ्यात उभी होती. बाहेरून काळी, तिच्यावर हाडांचे सापळे रंगवलेले. रंग मी ओळखला, आमच्याच कारखान्याचा, सगळ्यात स्वस्त प्रकारातला. दरवाज्याजवळ त्याचे पापुद्रे सुटले होते आणि एका सापळ्याचा गुडघा गळून पडला होता. आत सीटच्या पाठी शवपेटीच्या आकाराच्या. खिडक्यांना आतून काळा कागद. वाहक सापळ्याचा पोशाख घालून मागच्या सीटवर बसला होता. मुखवटा कपाळावर सरकवून पाव खात होता.

"बसा, बसा," तो तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "घाबरू नका, आज्जी."

"घाबरायला तू काय केलंस?" मावशी म्हणाली. "या खिडक्या का झाकल्यात?"

"वातावरण, आज्जी. बाहेरचं काही दिसायला नको. भीती कशी, आतून यायला पाहिजे."

"मग रस्ता?"

"रस्ता कशाला बघायचाय? पोचल्यावर उतरायचं."

मावशीने त्या काळ्या कागदावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली ती तिने शवपेटीच्या पाठीला पुसली. "काहीही न बघता नेतील तिथे जायचं, आणि सांगतील तेव्हा घाबरायचं," ती मला म्हणाली. "एवढ्यासाठी तिकीट कशाला काढू? घरी हे फुकटात होत होतं."

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. बाहेर आल्यावर तिने माझ्या गाडीकडे बोट केलं. कारखान्याने मोडीत काढलेली मालवाहू पिकअप मी विकत घेतली होती. पुढे दोघींपुरती जागा, मागे उघडा हौदा, आत कायमचा टर्पेंटाइनचा वास.

"ही चालेल की," ती म्हणाली. "उंच आहे. काच मोठी आहे. सगळं दिसतं."

दादाला हे कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "आई टेम्पोतून फिरणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांचे डोळे तू तपासतोस ना," मावशी म्हणाली, "मग तूच बघ त्यांना काय दिसतं ते."

आम्ही निघालो. मावशी बाकावर ताठ बसली होती, पर्स मांडीवर, आणि येणाऱ्या प्रत्येक गावाची पाटी मोठ्याने वाचत होती. तिला या रस्त्यावर यायला किती उशीर झाला होता ते तिच्या वाचण्यावरून कळत होतं.

पहिलं ते झपाटलेलं हॉटेल. तिथल्या एका खोलीत म्हणे एक नवरी आरशात दिसते. आम्हाला त्या खोलीत उभं करून दिवे घालवले. पलंगाखालून धूर सोडायचं यंत्र घरघरायला लागलं, आणि आरशामागे एक मुलगी झगा घालून हळूहळू वर आली. तिला सर्दी झाली होती. मावशी आरशाजवळ गेली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "अगं, धुरात उभी नको राहूस. छाती भरेल." मुलगी शिंकली. बरोबरचे दोघेतिघे आमच्यावर चिडले, त्यांची भीती वाया गेली म्हणून.

तुरुंगात तर त्याहून आनंद होता. फाशीच्या कोठडीत एक पुतळा दोरीने वर-खाली होत होता आणि भोंग्यातून किंचाळ्या येत होत्या. किंचाळ्यांची फीत मध्येच अडकली की एका जाहिरातीचा तुकडा लागायचा. कोळिष्टकं डब्यातून फवारलेली. खरी कोळिष्टकं वर छताला होती, ती झाडायची कुणी तसदी घेतली नव्हती. लोक मात्र एकमेकांना बिलगून ओरडत होते, फोटो काढत होते आणि बाहेर आल्यावर शहाळ्यासारखे गारेगार दिसत होते.

"यांना घरी कुणी घाबरवत नाही वाटतं," मावशी म्हणाली. "म्हणून विकत घेतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही घाट चढायला लागलो तशी ती पाट्या वाचायची थांबली. मी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" ती म्हणाली, "गाडी दुसऱ्या गिअरवर घे, ओरडतेय ती." तिला गिअर कळतात हे मला माहीतच नव्हतं.

वळणावर पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. दरीच्या बाजूला लोखंडी कठडा, तिकिटाची खिडकी, शीतपेयांचं दुकान. ती काळी बस आमच्या आधी येऊन उभी होती. तिच्यातून उतरलेले लोक उजेडात डोळे चोळत होते. आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर, लाल दिव्याखाली, काकांचा भलामोठा फोटो. खाली लिहिलं होतं: 'प्रत्यक्षदर्शी'. मुलाखतीतलाच फोटो तो, मान तिरकी, नजर दूर कुठेतरी. बॉयलर तपासतानासुद्धा ते असेच उभे राहत असावेत.

काळा झगा घातलेल्या गाइडने माइक घेतला.

"मध्यरात्रीची वेळ," त्याने सुरुवात केली. "घनघोर काळोख. एक धाडसी अधिकारी आणि त्याची भेदरट बायको..."

"सकाळ होती," मावशी म्हणाली.

गाइड थांबला. "काय म्हणालात, आज्जी?"

"सकाळ. चहा घेऊन निघालो होतो. धुकं होतं."

"आज्जी, गोष्ट मी सांगतोय ना?"

"तू ऐकलेली सांगतोयस. ती भेदरट बायको मी आहे."

लोकांमध्ये एकदम कुजबुज झाली. एकाने फोन वर केला, मग सगळ्यांनीच केले. गाइड क्षणभर गोंधळला, पण तो धंद्यात मुरलेला होता. त्याने माइक सरळ तिच्या तोंडापुढे धरला. "मंडळी, काय योग आहे बघा! सांगा आज्जी, ती बाई दिसली तेव्हा काय झालं?"

मावशीने माइक हातात घेतला. तिचा आवाज मुळीच चढला नाही. भाजीवाल्याला सांगावं तसं तिने सांगितलं.

"बाई दिसली. या इथेच. पांढरा डगला घातलेला, डोक्याला पांढरा रुमाल. खाली दुधाचा कारखाना होता, तिथले सगळे तसाच डगला घालायचे. तिची गाडी चुकली असणार. ती हात करत होती. पाय जमिनीवरच होते, पायात रबरी बूट होते. मी म्हटलं, थांबवा, तिला घेऊ. आणि हे," तिने भिंतीकडे मान वळवली, "हा माणूस थरथर कापायला लागला. स्टिअरिंग सोडून त्याने तोंड झाकून घेतलं. गाडी दरीच्या कडेपर्यंत गेली. मी हँडब्रेक ओढला म्हणून आज मी इथे उभी आहे. ती बाई काचेवर टकटक करून विचारत होती, काय झालं, पाणी हवंय का. हा किंचाळला. किंचाळी त्याची होती, माझी नाही."

काकांना 'हा' म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग त्याने गाडी वळवली. मी म्हणत होते, माझी आई तिकडे जातेय, मला उतरवा, मी चालत जाते. त्याने दारं लावून घेतली. घराजवळ आल्यावर हात जोडले. म्हणाला, कुणाला सांगू नकोस, ऑफिसात तोंड दाखवता येणार नाही. मी नाही सांगितलं. संध्याकाळी शेजारी आले तर त्याने मी बेशुद्ध पडले म्हणून सांगितलं. माझ्यासमोर. आणि तेव्हापासून सांगतच राहिला."

तिने माइक परत दिला. "भूतबीत काही नाही इथे. एक भित्रा माणूस होऊन गेला. त्याचाच फोटो लावलाय तुम्ही."

मला वाटलं होतं, लोक गप्प होतील. लोक कसले गप्प होतात! पहिल्या रांगेतल्या माणसाने विचारलं, "पण ती नंतर अदृश्य झाली ना?" एका बाईने विचारलं, "तिचे बूट खरंच दिसले, की तुम्हाला भास झाला?" गाइडचे डोळे चकाकत होते. "बघा मंडळी! बाईने काचेवर टकटक केली! हे तर अधिकाऱ्यांनी कधी सांगितलंच नव्हतं!" आणि सगळे कठड्याकडे धावले, काचेवर टकटक करणाऱ्या बाईची जागा बघायला. खिडकीमागचा मालक बाहेर येऊन मावशीला म्हणाला, तुमचाही फोटो लावू, साहेबांच्या शेजारी, जोडीने.

मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. एवढीच काय ती भीती त्या दिवशी तिथे कुणाला वाटली असेल.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "हे सांगायलाच आलीस का तू?"

"नाही गं. या मूर्खांना कशाला सांगू? तो फोटो बघितला आणि राहवलं नाही." तिने पर्सची कडी लावली. "मला पुढे जायचं होतं. चल."

पुढे म्हणजे वळणापलीकडे. घाट उतरून खाली माझ्या आईचं आणि मावशीचं माहेरचं गाव; आई अजूनही आजीच्याच घरात राहते. आजीच्या नंतर मावशी, मला माहीत होतं तेवढं, तिथे फक्त लग्नाकार्याला आली होती, आणि तीही नेहमी लांबच्या रस्त्याने, कारण काका या रस्त्याने गाडी घालत नसत. म्हणायचे, बायकोला सोसत नाही.

वाटेत दादाचा फोन आला. व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर पोचला होता. त्याचा आवाज फाटत होता. "आई, बाबांची अशी अब्रू काढायची? चारचौघांत? माझ्या दुकानातली माणसं बघतायत!"

"बघू देत."

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?"

"जिवंत होता तेव्हा तो माझ्याबद्दल बोलत होता, तेव्हा तू हसायचास," मावशी म्हणाली. "आता थोडं रडून घे. आणि ती गाडी जरा बाहेर काढ, प्लास्टिकमध्ये वास मारेल." तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

आई दारातच उभी होती. व्हिडिओ तिनेही बघितला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने "बसा" म्हटलं नाही. मावशी आत जाऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, पूर्वी आजी बसायची त्या जागी, आणि आईने गॅसकडे तोंड फिरवलं.

"ताई, इतकी वर्षं," आई पाठमोरीच म्हणाली. "एकदा तरी सांगायचंस मला."

"सांगणार होते. त्याच आठवड्यात आले होते सांगायला, रेल्वे आणि बस बदलत. तुला आठवतं? तू दार उघडलंस आणि म्हणालीस, आता कशाला आलात."

"मला काय माहीत होतं गं?"

"तेच तर. तू मला लहानपणापासून ओळखत होतीस. विहिरीत उतरून बादली काढणारी मी. आणि त्याने एक गोष्ट सांगितली, ती तू एका दमात खरी मानलीस. त्याच्यासारख्या माणसाचा राग काय करायचा? त्याची मला किळस वाटायची, बास. राग तुझा आला, धाकटे. म्हटलं, एवढ्या सहज मानतेस ना, मान."

आईचे खांदे हलत होते. ती वळली तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि ती चिडलेलीही होती. "म्हणजे मला शिक्षा म्हणून गप्प बसलीस? दोघींची म्हातारपणं आली ताई! कसली हट्टी आहेस तू!"

"हट्टी म्हण," मावशी म्हणाली. "घाबरट नको म्हणूस."

त्या मग बराच वेळ भांडल्या. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होते. एकमेकींना 'अगं-तुगं' करून, जुन्या कुठल्या कुठल्या गोष्टी काढून, टिपेच्या आवाजात. एवढं मोकळं भांडताना मी त्यांना जन्मात बघितलं नव्हतं. मग अचानक आजीचं काहीतरी बोलणं निघालं, शेवटच्या दिवशी तिने काय खाल्लं, कुणाला हाक मारली, असं. आई सांगत होती आणि मावशी एकेक गोष्ट परत परत विचारून घेत होती.

मावशी तिथे राहिली ती महिना-दीड महिना. मी पिकअप घेऊन एकटीच परत आले, कामावर जायचं होतं. दादा काही दिवस माझ्याशीही बोलला नाही. मग एकदा दुकानात बोलावून, गिऱ्हाईक गेल्यावर, हळूच विचारलं, "तुला खरं वाटतं ते?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" त्याने चष्मा काढून पुसला, पुसतच राहिला. शेवटी म्हणाला, बाबा गाडी चालवताना बोगद्यात शिरायच्या आधी नेहमी आईला पुढे बघत राहा म्हणायचे. आपल्याला वाटायचं ते तिला धीर देतात.

वळणावरची ती जागा अजून चालू आहे. आता तिथे एक जुनी गाडी ठेवली आहे म्हणतात, आणि आत बसलं की कुणीतरी बाहेरून काचेवर टकटक करतं. तिकीट वाढवलंय. रांग पूर्वीपेक्षा मोठी असते.

मावशी हल्ली साध्या बसने त्या रस्त्याने येते-जाते, खिडकीजवळची जागा धरून. बस तिथे चहापाण्याला थांबते, सगळे उतरतात. ती उतरत नाही. विचारलं तर म्हणते, "चहा फार वाईट असतो गं तिथला."